सात रोपं, नऊ माळा

मानमोडीच्या साथीत कोंडाण्यातली माणसं पटापटा गेली. एकाला पोहोचवून यावं, तर दुसऱ्याच्या दारात रडारड. त्यातच आबाजी तापानं फणफणून पडला. सहाव्या दिवशी तो कुणाला ओळखेना, तेव्हा त्याची बायको आनंदीबाई धावत गावदेवीपुढं गेली आणि कपाळ टेकून नवस बोलली, "माझ्या धन्याला उठव गं आई. फुडल्या नवरात्रात माझ्या परसात, माझ्या हातानं लावलेल्या झेंडूच्या नऊ माळा घटावर चढवीन."

आता बाई, नारळ बोलावा, कोंबडा बोलावा, झालंच तर खण-चोळी बोलावी. पण घाबरलेल्या माणसाचं असंच. उचलली जीभ लावली टाळ्याला. आनंदीबाईनं जन्मात फुलझाड लावलं नव्हतं. तिच्या परसात पडवळ, काकडी आणि भोपळा, बस्स. कोंडाण्यात घटाला रानातली कुर्डूची, तेरड्याची फुलं चालायची. झेंडू बघायचा तो कर्जतच्या बाजारात.

पण देवीनं ऐकलं. दोन दिवसांनी आबाजीनं पेज मागितली. हाडांचा सापळा उरला होता, पण उठून बसला. आता शब्द पाळायची पाळी हिची. नवस चुकला तर देवी दिलेलं माणूस परत नेते, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. वर्षभर आबाजी नुसता खोकला, तरी ही हातातलं काम टाकून धावायची.

मृग लागला तशी लोधिवलीच्या भावजयीनं तीन वाळकी फुलं बियाणं म्हणून पाठवली. फूल कुस्करायचं, आतलं काळं काडीएवढं बी मोकळं करायचं आणि विरळ पेरायचं, अशी रीत. पण देवीला बोललेलं फूल कुस्करायचं कसं? हिनं तीनही फुलं अख्खीच पुरली, लसूण पुरावा तशी. मग व्हायचं तेच झालं. तीन ठिकाणी गचपण उगवलं, निम्मं पावसात कुजलं, उरलेल्यावर कोंबड्यांनी ताव मारला. जगली ती सात रोपं.

त्या सातांना तिनं करवंदीच्या काट्यांचं कुंपण केलं आणि स्वतः राखण धरली. "आगं, येवढं मला बी कदी जपलं नाय तू," आबाजी ओटीवरून म्हणायचा. ती हसायची नाही. रोपं सरळसोट वाढली, कमरेला लागली आणि नारळी पुनवेच्या सुमाराला प्रत्येकाच्या शेंड्यावर एकेक हिरवी कळी धरली. पहिलं फूल देवीचं, म्हणून ती कळीला बोटसुद्धा लावीना. सात कळ्या आणि नऊ माळा. एका माळेला एकवीस फुलं तरी हवीत. हा हिशोब तिला येत नव्हता असं नाही, पण देवीच काहीतरी करील अशा आशेवर ती होती.

डोंगराच्या पोटाला ठाकरवाडी होती. तिथली सोमी चार-आठ दिवसांनी मोळी किंवा रानभाजी घेऊन खाली यायची. तरणी असताना ती माथेरानच्या एका बंगल्यात माळ्याच्या हाताखाली राबली होती. बोलायला मोजकी, पण बोलली की समोर मामलेदार असला तरी त्याला 'तू'च म्हणणार. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी ती कंटोळी असलं काही घेऊन आली, तेव्हा आनंदीबाई ओढ्यावर धुणं धूत होती. परत येऊन बघते, तर सोमी काटे बाजूला सारून वाफ्यात बसलेली. सातही रोपांचे शेंडे कळ्यांसकट खुडलेले, आणि तिच्या ओच्यात!

आनंदीबाईच्या हातातलं धुणं चिखलात पडलं.

"काय केलंस रांडं! देवीची फुलं खुडलीस? माझ्या धन्याच्या जिवावर उठलीस!"

"आगं बाय, ऐक तरी. तिकडं माथेरानला—"

"चल चालती हो! पुन्ना या परसात पाय टाकलास तर तंगडं मोडीन!"

सोमीनं ओच्यातले शेंडे हळूच ओटीवर ठेवले, पाटी उचलली आणि निघून गेली. पुढं दीड महिना ती गावात फिरकली नाही.

आनंदीबाईनं ते शेंडे देवीपुढं नेऊन ठेवले, नाक घासलं. त्या रात्रीपासून तिची झोप उडाली. आबाजीचा श्वास लागतोय का, हे ती नाकाशी हात धरून बघायची. बोडकी झालेली रोपं बघवेनात, म्हणून परसात जायचीच बंद झाली. पडवळ वेलावर म्हातारं झालं.

भादव्यात एकदा कोंबडी शोधायला ती मागं गेली आणि थबकली. प्रत्येक पानाच्या बेचक्यातून एकेक कोंब निघाला होता, वरपासून खालपर्यंत. तिनं जवळ बसून बघितलं. एका जागी एक शेंडा होता, तिथं आता दहा-बारा होते. आबाजीलाही तिनं सांगितलं नाही. बोलून दाखवलं तर दृष्ट लागेल, असं तिला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ती पहिल्यांदा परसातच गेली. त्या कोंबांना फाटे फुटले, फाट्यांना कळ्या धरल्या. रोपांची झुडपं झाली, आणि झुडपं जडावून कलली तेव्हा तिनं त्यांना बांबूच्या काठ्यांचे टेकू दिले.

घटस्थापनेच्या आदल्या सकाळी पाऊस उघडला होता. ती मागचं दार उघडून उंबऱ्यावर उभी राहिली, ती राहिलीच. सगळं परस पिवळं आणि केशरी झालं होतं. पानं दिसत नव्हती. एका झाडावरची फुलं तिनं मोजायला घेतली, साठापर्यंत आली आणि सोडून दिली. हे आपण केलेलं नाही, एवढं तिला लख्ख कळलं. आपल्याला तर ते शेंडे परत चिकटवता आले असते, तर चिकटवले असते! तिनं फुलांना हात जोडले, आणि जोडलेल्या हातांनीच तिला सोमी आठवली. लाजेनं तिचं तोंड उतरलं.

ती तशीच डोंगर चढून ठाकरवाडीवर गेली. सोमी झोपडीच्या कुडाला शेण लिंपत होती.

"सोमे, चुकलं गं माझं."

"फुटली का?" सोमीनं विचारलं.

"आगं, परसात पाय ठेवाय जागा नाय."

सोमीनं मान हलवली. "सात कळ्यांत नऊ माळा कशा व्हनार व्हत्या, बाय? कुनासाठी हायत ती फुलं, ते ठावं व्हतं मला. म्हनून तर खुडली."

उगाच इकडंतिकडं बघत आनंदीबाईनं विचारलं, "तुजा घरधनी धाऊ कुटं दिसत नाय?"

सोमीचा हात शेणात तसाच राहिला. "त्यो मानमोडीत गेला की. तुजा धनी उठला ना, त्याच हप्त्यात."

वर्षभर ही बाई आपल्या दारात मोळ्या टाकत होती. कपाळ मोकळं होतं, हात मोकळे होते. आनंदीबाईनं लाकडं ओली की सुकी एवढंच बघितलं होतं. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. सोमीनं कोपरानं तिला ढोसलं. "ऊठ गं. सनाच्या तोंडावर रडतात व्हय? चल, दाव तुजी फुलं."

दोघी खाली आल्या. आनंदीबाईनं मागचं दार उघडलं. सोमीनं ती सात झाडं बघितली, शेणाचा हात तोंडावर गेला. "आगं माजे आये!" ती एवढंच म्हणाली.

आवाज ऐकून आबाजी खोकत, भिंतीला धरत मागच्या दारात आला. सोमी वळली. फुलांकडं पाठ करून ती त्याच्याकडं बघायला लागली: गालाच्या खोबण्या, ढिला पडलेला सदरा, खोकल्यानं वर-खाली होणारी छाती.

आबाजी अवघडला. "काय गं सोमे? आत ये की."

"नको," सोमी म्हणाली. "तू हाल्लू नको. तितंच ऱ्हा जरा. बघू दे मला."

आबाजीला काही कळलं नाही. त्यानं बायकोकडं बघितलं. आनंदीबाईनं डोळ्यांनीच त्याला थांब म्हटलं, आणि तो फुलांसमोर हात खाली सोडून उभा राहिला, सोमीचं बघून होईपर्यंत.