पाचव्या भागात उरलेली चकली

मी डबा बोलतोय. स्टीलचा, चपटा, लांबट, घट्ट झाकणाचा. माझ्या भाऊबंदांनी जन्मभर पोळीभाजी वाहिली. माझ्या नशिबी आले सिनेमे, आणि तेही सगळे एकाच मालिकेतले, समुद्री चाच्यांचे. पाहिले असं तरी कसं म्हणू? पिशवीच्या तळाशी शालीत गुंडाळलेला असायचो. पण सिनेमा चांगला होता की वाईट, हे मी सांगेन ते खरं. बाकीचे लोक कसा होता विचारलं की तोंडदेखलं बोलतात.

माझा जन्म नाशिकच्या भांडीबाजारातला. एका आत्याबाईंनी मला भाच्याच्या बारशासाठी उचललं आणि झाकणावर नाव घालून घेतलं. त्या मशीनचं टोक टिंब टिंब करत अंगावरून फिरलं तेव्हा जीव अगदी नकोसा झाला. पण नाव मिळालं: ‘चि. ऋषभ, आत्याकडून’. पुढे ऋषभचे वडील दिगंबरराव यांची रेल्वेच्या गार्डन रीचच्या कचेरीत बदली झाली आणि मी ट्रंकेतून कोलकात्याला आलो. तीन वर्षांसाठी आलेली ही माणसं ‘इथं काही रमत नाही बाई’ म्हणत म्हणत सव्वीस वर्षं राहिली.

पहिली नऊ वर्षं माझी हालत विचारू नका. पोटात रबरबँड, सेफ्टीपिना आणि कुठल्या कुलपाची कोणालाच आठवत नसलेली एक किल्ली. फडताळात मागे पडून होतो.

मग चाच्यांचा पहिला भाग आला. वर्गातल्या सगळ्या मुलांनी पाहिला म्हणून ऋषभने घर डोक्यावर घेतलं. दिगंबरराव दौऱ्यावर होते. “चाचे कसले बघायचे? घरात एक आहे तेवढा पुरे,” असं म्हणत ऋषभची आई, कालिंदीबाई, तयार झाल्या. बाहेरचं खाणं थिएटरात चालत नाही, हे त्यांना शेजारणीने सांगितलं होतं. त्यांनी घरातले सगळे डबे पिशवीत घालून पाहिले. फुगवटा दिसला नाही तो फक्त माझा. रबरबँड गेले आणि पोटात पंधरा चकल्या आल्या.

दारावरच्या तपासणाऱ्या बाईने पिशवी दाबली. “दीदी, खाबार निये जावा जाबे ना.”

कालिंदीबाईंना तेव्हा बंगालीतले जेमतेम वीस शब्द येत होते. त्यांतला एक कामी आला. “खाबार ना, ओषुध,” त्या म्हणाल्या. औषध! आणि चेहऱ्यावर असा काही आजार आणला की त्या बाईने हात धरून त्यांना आत सोडलं.

चकलीचा आवाज होतो, म्हणून नियम ठरला की पडद्यावर तोफा उडाल्या की चावायचं, एरवी हात लावायचा नाही. पण पहिल्या भागात गंमतच झाली. तोफा उडत राहिल्या आणि मायलेक तोंड उघडं टाकून बघत राहिली. त्या सिनेमात एक लबाड कप्तान होता आणि त्याचा खाष्ट आचारी. दोघं सारखे भांडायचे. मीठ किती घालायचं, नांगर कधी टाकायचा, खजिन्याचा नकाशा पिठाच्या पिंपात का ठेवला! बोट बुडायला आली तरी यांचं संपायचं नाही. कालिंदीबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी घरी परतलो तेव्हा पोटात तेरा चकल्या होत्या.

दौऱ्यावरून आलेल्या दिगंबररावांनी त्या संपवल्या आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. सिनेमा चांगला असला की घरी चकल्या येतात. मग प्रत्येक भागाच्या दिवशी ते दारातच उभे राहायचे. कसा होता वगैरे काही नाही. मला हातात घेऊन कानाशी हलवायचे आणि म्हणायचे, “वा! बरा दिसतोय.”

दुसऱ्या भागाला निम्म्या उरल्या. तिसरा रद्दड निघाला, त्यात मध्यंतराच्या आधीच माझा तळ दिसला आणि शेवटच्या चकलीवरून मायलेकांची अशी झोंबाझोंबी झाली की मागच्या रांगेतून कोणीतरी शुक् शुक् केलं. चौथा झकास होता. अकरा उरल्या. परतताना बसमध्ये दोघं कप्तान आणि आचारी होऊन एस्प्लनेडपासून घरापर्यंत भांडत आली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली संध्याकाळ.

त्यानंतर नऊ वर्षं पाचवा भाग आलाच नाही. ऋषभ मोठा झाला, सेक्टर फाइव्हच्या एका कंपनीत नोकरीला लागला, बेहाला भागात भाड्याच्या घरात राहू लागला. मी परत फडताळात. पण रबरबँड नाही भरले कोणी, एवढं खरं.

मग दिगंबररावांची निवृत्ती दोन वर्षांवर आली. रेल्वेचं घर सोडावं लागणार होतं. नाशिकला फ्लॅट घेऊन ठेवला होता. कालिंदीबाईंनी धरूनच चाललं होतं की मुलगा पण पुण्याला बदली मागून घेईल. एका रविवारी जेवताना त्यांनी ते बोलून दाखवलं. “किती दिवस राहायचं या परक्या गावात?”

ऋषभचा घास हातातच राहिला. “तुला परकं आहे, आई. माझं गाव हेच आहे. मी नाही येणार.”

आवाज चढले नाहीत. चढले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून दोघांच्या बोलण्यात गोडवा आला. “तुला वेळ असेल तर ये.” “तुला त्रास नसेल तर येतो.” पोटचा पोर चहा प्यायला आला तर कालिंदीबाई नवी कपबशी काढायच्या. स्वयंपाकघरातून मी सगळं ऐकायचो आणि माझं स्टीलचं काळीज तुटायचं.

जायला तीन आठवडे राहिले. घर खोक्यांनी भरलं. तेवढ्यात ऋषभचा फोन आला. “आई, पाचवा आलाय. जाऊया? तुझं पॅकिंग असेल तर राहू दे.”

“छे, पॅकिंग काय होतच असतं. तुला सुट्टी मिळेल ना?”

फोन ठेवून त्यांनी चिकटपट्टी लावलेली चार खोकी फाडली, कारण सोऱ्या नेमक्या कुठल्या खोक्यात गेला ते आठवेना. भाजणी भिजवताना त्या गुणगुणत होत्या. मला उन्हात वाळवून पुसलं आणि पंधरा चकल्या मोजून घातल्या. हा शेवटचा सिनेमा एकत्र पाहायचा आणि सगळं पूर्वीसारखं होईल, अशी त्यांची भाबडी आशा होती. माझीही होती.

आणि काय सांगू! सिनेमा भिकार. तोफा पहिल्या मिनिटापासून. त्याहून वाईट म्हणजे कप्तान आणि आचारी यांची दिलजमाई झालेली. ‘तुझं बरोबर आहे, मित्रा’, ‘नाही, तुझंच बरोबर आहे’. दोन तास हेच. चकल्या भराभर संपत गेल्या. मध्यंतराआधी माझ्यात एकच उरली.

“घे तू,” कालिंदीबाई कुजबुजल्या.

“नको, तू घे.”

“मला नको रे. तुझ्यासाठीच केल्यात.”

दोन्ही हात मागे गेले आणि झाकण बंद झालं. त्या एका चकलीचं ओझं मला पंधरांपेक्षा जास्त वाटलं.

परतताना टॅक्सीत ऋषभ म्हणाला, “छान होता ना?” कालिंदीबाई म्हणाल्या, “हो, खूपच छान.” मग खिदिरपूरचा पूल ओलांडेपर्यंत दोघं आपापल्या खिडकीतून बाहेर बघत बसली.

दारात दिगंबरराव उभे होतेच. त्यांनी मला हलवलं. खुळूक्. पुन्हा हलवलं. खुळूक्.

“छान होता, बाबा,” ऋषभ बोलला.

“छान? एक चकली उरलीय. म्हणजे भिकार होता.” त्यांनी झाकण काढून आत पाहिलं. “पण हे आक्रीत कसं झालं? आजवर डबा भरलेला आलाय, रिकामा आलाय. एक चकली घेऊन कधीच आला नाही. शेवटचीसाठी तुम्ही एकमेकांचे हात पिरगाळता. काय झालंय तुम्हाला?”

कालिंदीबाईंचा बांध फुटला. “भिकारच होता! डोकं दुखलं माझं!”

“मग छान का म्हणालीस?”

“तू म्हणालास म्हणून!”

“मी तुझ्यासाठी म्हणालो! आणि तो आचारी! त्याला काय झालं? चार पार्ट झगडा करणारा माणूस एकदम असा…”

“असा पाहुण्यासारखा वागायला लागला,” कालिंदीबाईंनी वाक्य पुरं केलं. “तुझ्यासारखा. दोन वर्षं झाली, माझ्यावर एकदा ओरडला नाहीस तू. मी काय कोणी परकी आहे?”

ऋषभ खोक्यांकडे बघत उभा राहिला. “तुम्ही चाललात. झगडा करून थांबणार आहात का?”

“थांबणार नाही. पण भांड तरी!”

आणि तो भांडला. काय भांडला महाराजा! विचारलं का नाहीस, गृहीत का धरलंस, शाळेपासूनचे मित्र इथे आहेत, तुला हे गाव कधी कळलंच नाही. कालिंदीबाईंनीही सोडलं नाही. सव्वीस वर्षांचा एकटेपणा त्यांनी एका दमात सांगितला, जो मला ठाऊक होता, त्याला नव्हता. दोघं रडली, मग पुन्हा कप्तानावर घसरली, मग हसली. दिगंबररावांनी ती चकली कधी खाल्ली, कोणाच्या लक्षातही आलं नाही. निर्णय कोणाचाच बदलला नाही. ती दोघं नाशिकला गेली, हा कोलकात्यात राहिला आणि त्याच्याजवळ मीही.

सध्या मी हावड्याहून निघालेल्या गाडीत आहे. ऋषभच्या मांडीवर, दुपारचं ऊन खात. उद्या नाशिकरोडला उतरायचं. माझ्या पोटात त्याने स्वतः पाडलेल्या चकल्या आहेत. पंधरापैकी एकही गोल नाही, दोन जळल्यात, आणि मीठ विचाराल तर बोलायची सोय नाही. फोनवर आईशी भांडत भांडत केल्यात, ‘पाणी किती?’, ‘अरे मेल्या, मोहन घातलंस का?’

जाता जाता एवढंच मागणं आहे. वाचकहो, आपल्या माणसाने केलेला सिनेमाचा बेत फसला तर फसला म्हणा. तुमची माणसं त्याने दुरावत नाहीत, ‘छान होता’ने दुरावतात. आणि कालिंदीबाई, उद्या झाकण उघडाल, एक तुकडा तोंडात टाकाल. तुमच्या पाया पडतो, छान झाल्यात असं म्हणू नका.