वरच्या ओळीतला टेंगळ्या

मित्रांनो, मी एक जुनं सोन्याचं नाणं आहे. सोन्याचं म्हटल्याबरोबर डोळे चमकले ना तुमचे? थांबा, आधी माझं कपाळ बघा. माझ्या एका बाजूला राजाचं डोकं आहे आणि त्याच्या कपाळावर एक टेंगूळ आहे. राजेसाहेब अंधारात दारावर आपटले की काय, असं वाटावं इतकं ठसठशीत! म्हणून आमच्या घरात मला कुणी नाणं म्हणत नाही, टेंगळ्या म्हणतात. सुरुवातीला मला राग यायचा. आता मीच ते नाव मिरवतो.

जन्मतः मी असा नव्हतो बरं का. टांकसाळीत सोन्याच्या पट्टीतून गोल चकत्या कापल्या, एकेक चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवली आणि वरून असा दणका दिला, की एका फटक्यात पुढे राजा उमटला आणि मागे गव्हाच्या ओंब्या. तेव्हा माझं कपाळ आरशासारखं गुळगुळीत होतं. पुढे एका माणसानं मला आपल्या बायकोसाठी घेतलं. तिनं सोनाराकडून माझ्या डोक्यावर कडी जोडून घेतली आणि साखळीत ओवून मला गळ्यात घातलं. चाळीस वर्षं मी त्या गळ्यात होतो. तिच्या चारही लेकरांनी दात येताना मला चावलंय. फार सुखाचे दिवस होते ते.

ती म्हातारी होऊन गेली आणि लेकरांनी मला सोनाराला विकलं. सोनारानं पकडीनं कडी तोडली, पण कडी जोडताना दिलेल्या डागाचा ओघळलेला गोळा तेवढा राजाच्या कपाळावर राहिला. मग त्यानं मला मोडीच्या वाटीत भिरकावलं. तिथे तुटक्या साखळ्या होत्या, जोडीदार हरवलेलं एक कानातलं होतं, आणि सगळे मुशीची वाट बघत होते. मूस म्हणजे सोनं वितळवायचं भांडं. त्यात गेलेल्याचा राजा जातो, ओंब्या जातात, आठवणी जातात, आणि उरतो नुसता गोळा. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो.

तेवढ्यात दुकानात एक तरुण जोडपं आलं. तो पुस्तकं बांधणारा कारागीर. वर्षभर पैसे साठवून बायकोला कानातले घ्यायला आलेला. पण बायकोची नजर मोडीच्या वाटीत गेली. तिनं मला उचललं आणि जे हसायला लागली ते थांबेचना.

"अहो, हे बघा, ह्याच्या कपाळाला टेंगूळ! परवा मशीनचा दांडा लागून तुम्हाला आलं होतं ना, तस्संच!"

कानातले राहिले बाजूला, मी घरी आलो. आणि मित्रांनो, त्या घरातल्या संग्रहातलं पहिलं नाणं मीच.

बांधणीवाल्याला माझ्यामुळे नाण्यांचं वेड लागलं. दोन-चार वर्षांनी, पोटाला चिमटा काढून, तो एखादं नाणं घ्यायचा. आमच्यासाठी त्यानं स्वतः पुठ्ठ्याची पेटी केली, वरून हिरवं बांधणीचं कापड चढवलं, आत मऊ लोकरी कापडात नऊ गोल खाचा कापल्या. वरच्या ओळीत त्याची लाडकी तीन नाणी: गलबत, चिमणी आणि झाड. ज्याच्यावर जे चित्र, ते त्याचं नाव. तिघांच्याही अंगावर एक ओरखडा नाही. मधल्या ओळीत थोरला, आकारानं सगळ्यांत मोठा आणि तोंडानं सगळ्यांत फटकळ. मी खालच्या ओळीत, कोपऱ्यात.

"तुला वजनावर घेतलं होतं म्हणे," थोरला मला टोमणा मारायचा. "आम्हाला मात्र भिंगातून पारखून घेतलंय, बरं!"

रविवारी दुपारी पेटी उघडायची. बांधणीवाला हात धुऊन, कोरडे करून, वरच्या तिघांना कडेनं धरायचा आणि भिंगातून तास तास बघत बसायचा. त्याची बायको मात्र फक्त मला काढायची. माझ्या टेंगळावरून अंगठा फिरवायची, नवऱ्याकडे बघून गालात हसायची आणि परत ठेवायची. पुढे ती आजारानं गेली. त्यानंतर सहा वर्षं मला कुणी बाहेर काढलं नाही. बांधणीवाला वरच्या तिघांना बघायचा, पण खालच्या ओळीकडे त्याची नजर वळायची नाही. मला वाटलं, विसरला मला. वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं.

आता बांधणीवाला म्हातारा झालाय आणि दुकान त्याची मुलगी चालवते. तिला सगळे ताई म्हणतात. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे, त्यामुळे आम्हाला कपाटात सगळं ऐकू येतं. दाभणाची टोचणी, खळीच्या भांड्यातला कुंचला, आणि कागद कापायच्या जुन्या मशीनचा तो खाडकन आवाज. एके दिवशी तो आवाज मध्येच कुरकुरला आणि बंद पडला. मशीनच्या चाकाचे दाते मोडले होते. मिस्त्री येऊन म्हणाला, "ह्याचा भाग आता कुणी बनवत नाही, ताई. देव्हाऱ्यात ठेवा ह्याला."

आणि नेमकं तेव्हाच ग्रंथालयाचं काम आलेलं! अर्धी खोली भरेल एवढी जुनी पुस्तकं, महिनाअखेरीस द्यायची. ताई पोलादी पट्टी लावून सुरीनं हातानं कापू लागली. चार दिवसांत मनगट सुजलं. कडा वाकड्या यायला लागल्या. मागच्या गल्लीतला दुसरा एक बांधणीवाला धंदा गुंडाळत होता. त्याचं मशीन चांगलं होतं, पण त्याला शनिवारपर्यंत सगळे पैसे रोख हवे होते, नाहीतर तो ते दुसऱ्याला देणार होता.

"नाही जमलं तर नाही," ताई म्हणाली. "दुकानाला कुलूप लावू. मी नोकरी बघते कुठेतरी." बोलली अगदी सहज, पण त्या दिवशी ती धड जेवली नाही.

आमच्या बांधणीवाल्यानं पेटी काढली आणि टेबलावर ठेवली. बराच वेळ बघून त्यानं बोटानं रेघ मारली. "वरची तीन ठेवायची. खालची सहा विकायची." थोरला चांगला दुर्मीळ होता, त्याच्या एकट्याच्या किमतीत अर्धं मशीन येईल, असा त्याचा हिशेब. थोरल्याला धक्काच बसला. मला मात्र आश्चर्य वाटलं नाही. उद्या सकाळी नाण्यांचा व्यापारी येणार होता.

आता ह्या गोष्टीत आत्या येते. बांधणीवाल्याची थोरली बहीण, वय ऐंशी, उत्साह आठ वर्षांच्या पोरीचा. बांधणीवाला दुपारी आडवा झाला तशी ती पेटी घेऊन बसली. "जाणाऱ्यांना असं काळवंडलेल्या तोंडानं पाठवायचं? शी!" असं म्हणून तिनं दंतमंजनाची डबी उघडली, फडका ओला केला आणि आम्हा सहा जणांना असं घासलं, असं घासलं, की काय सांगू! वरच्या तिघांकडे हात नेला तेवढ्यात डबी संपली. ती तिघं त्या डबीमुळे वाचली.

सकाळी व्यापारी आला. त्याला सगळे भिंगवाले म्हणतात, कारण त्याचं भिंग गळ्यात लटकलेलं असतं. आम्ही लखलखत होतो. आत्या दारात उभी राहून शाबासकीची वाट बघत होती. भिंगवाल्यांनी थोरल्याला उचललं, भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे कुणी घासलं हो?"

"मी!" आत्या हौसेनं म्हणाली. "कसं चकाकतंय, बघा!"

"आजी, अंगभर बारीक चरे पडलेत. जुन्या नाण्याचा तो मळकट रंग म्हणजेच त्याची किंमत असते. आता संग्रह करणारे ह्याला हात लावायचे नाहीत. ही सहाही मला वजनानंच घ्यावी लागतील. आणि वजनानं घेतलेलं मुशीतच जातं." त्यांनी तोंडातल्या तोंडात आकडा जुळवला. "मशीनला पुरणार नाहीत."

आत्याचे डोळे भरून आले. "बाळ्या, मी चांगलं करायला गेले रे," एवढंच ती म्हणाली. पंचाहत्तरीच्या भावाला ती अजून बाळ्याच म्हणते. बांधणीवाला तिच्यावर ओरडणार, असं मला वाटलं. पण त्यानं हात पुढे केला आणि सहा वर्षांनी मला उचललं.

त्याचा अंगठा माझ्या टेंगळावर आला. एवढं घासूनही ते तसंच होतं.

"भिंगवाले, वरची तीन बघा," तो म्हणाला.

"बाबा, ती नाही हं!" ताई एकदम पुढे आली. "त्यांच्यात तुमचा जीव आहे. मला नको ते मशीन."

"तू गप्प बस जरा. भिंगवाले, ह्या तिघांचं तुमच्याकडे काय होईल?"

"ह्यांचं? अहो, लोक रांग लावतील. काचेखाली ठेवतील, जिवापाड जपतील."

"आणि ह्याचं?" त्यानं मला पुढे केलं.

भिंगवाल्यांनी मान खाली घातली.

"झालं तर मग," बांधणीवाला म्हणाला. "त्या तिघांना जपायला कुणीही मिळेल. ह्याला माझ्याशिवाय कोण आहे? काल मी उलटंच ठरवलं होतं. हिच्या आईनं पसंत केलेला हा, आणि मी ह्यालाच मुशीत घालायला निघालो होतो. ह्याला बघितलं की ती आठवायची म्हणून मी बघायचंच टाळलं इतकी वर्षं."

मित्रांनो, तो मला विसरला नव्हता! हे मला त्या दिवशी कळलं. नाण्याला रडता येत नाही, नाहीतर माझी काही खैर नव्हती.

वरच्या तिघांच्या पैशांत मशीन जेमतेम बसलं. गलबत, चिमणी आणि झाड भिंगवाल्यांच्या मऊ पाकिटांत बसून गेली. जाताना बांधणीवाल्यानं तिघांना एकेकदा भिंगातून बघून घेतलं आणि स्वतःच भिंग खाली ठेवलं. शनिवारी चार हमालांनी मशीन आणलं. रविवारी खालच्या सहा जणांना वरच्या दोन ओळींत बढती मिळाली, आणि पहिल्या खाचेत बसवलं मला! थोरला माझ्या शेजारी आहे. चरे पडल्यापासून त्याचे टोमणे बंद झालेत. त्याला कधी उदास वाटलं की मीच म्हणतो, "अरे, सवय होते. मला बघ."

आत्या अजूनही पेटी उघडली की हळूच विचारते, "जरा पुसू का?" आणि सगळं घर एका सुरात ओरडतं, "नको!"

ग्रंथालयाची पुस्तकं वेळेत गेली. शेवटचा गठ्ठा कापताना ताई घाईत खाली वाकली आणि नव्या मशीनचा दांडा तिच्या कपाळावर बसला. चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं. बांधणीवाला धावत आला, तिच्याकडे बघितलं, तसाच कपाटाकडे गेला आणि मला घेऊन आला. मला तिच्या कपाळाशेजारी धरून तो जो हसायला लागला तो थांबेचना. ताईही हसली, आत्याही. त्या खोलीत तसं हसू मी फार वर्षांपूर्वी ऐकलं होतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा टेंगळ्या असेल. कान तुटलेला कप असेल, पान सुटलेलं पुस्तक असेल, नाहीतर कोपऱ्यात बसलेलं एखादं माणूस असेल. देखण्या वस्तूंना कुणीही जपतं. तुमच्याशिवाय ज्याला कुणी नाही, त्याला आधी वरच्या ओळीत घ्या. आणि हो, दंतमंजन तेवढं लांब ठेवा.