आजोबांच्या आधीचा घास

आमच्या सावाईई बेटावर पूर्वी घरातली मोठी माणसं आधी जेवत. मुलं वाढत, बाजूला बसून राहत आणि उरलेलं खात. त्यात कुणाला वाईट वाटत नसे. मीही तशीच वाढले. तळाशी उरलेल्या नारळाच्या दुधातल्या तारोच्या कंदाची चव अजून जिभेवर आहे.

माझ्या जावेची नात माटालेना नऊ वर्षांची होती. आधी घसा धरला, मग ताप येऊन सांधे सुजले आणि त्या तापानं तिच्या हृदयाची एक झडप निकामी केली. परदेशी डॉक्टर वर्षातून एकदा राजधानीत, आपियाला येऊन मुलांची ऑपरेशनं करत. पहिल्या खेपेला त्यांनी तिला परत पाठवलं. अंगात लोह नव्हतं आणि रक्त इतकं फिकं, की ती टेबलावरून उठली नसती. लोहाचं औषध तिच्या पोटात ठरेना. मग नर्सनं सांगितलं, वर्षभर मांस खायला घाला, काळीज घाला.

माझे दीर तोफा, म्हणजे तिचे आजोबा, आमच्या घराण्याचे प्रमुख. त्यांनीच रीत मोडली. डुक्कर कापलं की काळीज माटालेनाचं, तेही सगळ्यांच्या आधी, त्यांच्या शेजारी बसून. गावात कुजबुज झाली. पाद्री म्हणाले, "तोफा, आता गावच्या सभेतही नातीलाच बोलू द्या."

"बरी झाली की देईन," भावजी म्हणाले. "तुमच्या प्रवचनापेक्षा थोडक्यात आटपेल."

ती मान खाली घालून चावत राही, मग हात धुवायला बाहेर जाई. रिकामं ताट बघून आम्हा सगळ्यांना बरं वाटे.

पुढच्या वर्षी आपियात रक्त तपासलं. लोह होतं तिथंच. यंदाही नाही, असं नर्सनं आमच्याकडे न बघता सांगितलं. तिच्या जागी दुसरं मूल घेतलं.

बाहेर येऊन भावजींनी विचारलं, "माटा, तू खात नव्हतीस का गं?"

ती म्हणाली, "तोंडात धरून ठेवायचे. बाहेर जाऊन कुत्र्याला टाकायचे. आजोबा, तुम्ही उपाशी आणि मी खातेय... घास उतरायचाच नाही. लाज वाटायची."

ते रागावले नाहीत. "आम्हीच शिकवलं तुला," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर ते आधी स्वतः चार घास घाईनं गिळत आणि तिला हाक मारत, "मी जेवलो बघ. ये आता." ती येई, मनापासून तोंड उघडायची. पण तोवर पाय सुजले होते, दोन घासांतच धाप लागे. डॉक्टर पुन्हा यायच्या आतच ती गेली.

तिला पुरून आलो त्या दुपारी जावेनं भावजींपुढे ताट ठेवलं. त्यांनी ते सरकवलं. "आधी मुलांना वाढा," म्हणाले.

मुलांपुढे ताटं ठेवली. ती एकमेकांकडे बघत बसली. एकानंही हात लावला नाही.