एका अक्षराची सबब

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे. छापखान्यातून निघालो तेव्हा माझ्या कडा सोनेरी होत्या; आता पाठ चिकटपट्टीने धरून ठेवली आहे. मलेशियातल्या मलाक्का शहरात, फिलोमिना टीचरांच्या खिडकीशी माझे आयुष्य गेले.

मागच्या गल्लीत कोक सेंग नावाचे एक गृहस्थ दुकानांच्या पाट्या रंगवत. एका खानावळीच्या पाटीवर जेवणानंतरच्या गोडाचा 'डेझर्ट' हा इंग्रजी शब्द लिहिताना त्यांनी एक 'एस' गाळला आणि गोडाचे वाळवंट झाले. "इथे थंडगार वाळवंट मिळेल" म्हणत गावभर हसू झाले. बिचारे ब्रश हातात घेऊनच टीचरांकडे धावले. टीचरांनी उत्तर सांगितले नाही. मला पुढे सरकवले आणि रव्याचा केक कापला.

पुढे छापील पाट्या आल्या, कोक सेंगांचे काम गेले. तरी दर शुक्रवारी ते यायचेच.

"टीचर, वाळवंटात एस एक की दोन?"

"अहो, डोकं आहे की रंगाचा रिकामा डबा?" म्हणत टीचर कॉफी करायला उठायच्या. त्यांची पाठ वळली की कोक सेंग मला नेमके त्याच पानावर उघडत, हसत आणि मिटून ठेवत. हे फक्त मला ठाऊक होते.

मग टीचरांची भाची बर्निस राहायला आली. "अंकल, मावशीला कशाला त्रास देता?" म्हणत तिने त्यांच्या फोनवरच शब्दकोश घालून दिला. पोरीच्या मनात वाईट नव्हते. पण 'त्रास' हा शब्द कोक सेंगांना लागला. ते यायचे थांबले.

टीचर केक करून दाराकडे बघत बसायच्या. "फोन मिळाला, आता म्हातारीचं काय काम?" एकदा त्या स्वतःशीच म्हणाल्या. मित्रांनो, पोटात इतके शब्द असून मला एकही बोलता येईना. फार एकटे वाटले.

शेवटी टीचरांनी मला रद्दीवाल्यासाठी फाटकाशी ठेवले. कोक सेंग सायकलवरून चालले होते, मला पाहून उतरले. शर्टाने धूळ पुसून त्यांनी दार वाजवले.

"कुठला शब्द अडला?" टीचरांनी कोरडेपणाने विचारले.

"एकही नाही. सगळे येतात, टीचर. कधीचेच येतात." ते खाली बघत म्हणाले, "नुसता बसायला येऊ का?"

टीचर डोळे पुसत म्हणाल्या, "केक नाहीये आज."

"चालेल."

मित्रांनो, मला फडताळात टाकलेत तरी चालेल. पण कुणी पुन्हा पुन्हा तेच विचारायला आले, तर नुसते उत्तर देऊन त्याला वाटेला लावू नका.