न उघडलेला निकाल

लेख संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता आणि प्राध्यापक सकाळपासून स्वल्पविरामांशी झुंजत होता. तो विधी महाविद्यालयात कायदा शिकवत असे. नोकरी कायम व्हायची तर हा लेख कायद्याच्या एका नियतकालिकात छापून येणं भाग होतं, आणि त्या नियतकालिकाचे तळटिपांचे नियम भलतेच कडक. खटल्याचं नाव तिरप्या अक्षरांत, मग स्वल्पविराम, मग कंसात वर्ष. एक टीप सरळ करावी तर दुसरी वाकडी. तो उठे, खिडकीशी जाई, पुन्हा येऊन बसे.

तेवढ्यात कोर्टातून थेट ताई आली, काळा कोट हातावर टाकून. ही त्याची थोरली बहीण, वकील. तिच्या एका म्हाताऱ्या अशिलाला, भाडेकरूला, घरमालक बाहेर काढू पाहत होता आणि उद्याच सुनावणी होती. भावाने आधी वाचायला दिलेल्या लेखातलं एक वाक्य तिला नेमकं हवं होतं: जुन्या भाडेकरूला पर्यायी जागा दिल्याशिवाय घर सोडायला लावता येणार नाही. खाली तळटीप, निकालाचं नाव, पान, सगळं जागच्या जागी.

"उद्या हेच न्यायाधीशांपुढे ठेवते," ती म्हणाली. "निकाल वाचलायस ना तू?"

"वाचलाय की."

खोटं अगदी सहज तोंडातून गेलं. ती टीप त्याने दुसऱ्याच्या लेखातून उचलली होती, त्या दुसऱ्याने तिसऱ्याच्या. सगळेच असं करतात, अशी त्याने मनाची समजूत घातली. ताई चहा टाकायला आत गेली, पण याचा जीव थाऱ्यावर राहीना. शेवटी त्याने कॉम्प्युटरवर मूळ निकाल उघडला.

वाक्य होतं, अक्षरन् अक्षर तेच. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि सहज वरची ओळ वाचली. 'भाडेकरूच्या वकिलांचे म्हणणे असे की...' त्याने घाईघाईने पुढची पानं पाहिली. न्यायालयाने ते म्हणणं साफ फेटाळलं होतं!

हरलेल्या वकिलाचा युक्तिवाद एवढे विद्वान न्यायालयाचं मत म्हणून मिरवत होते, आणि त्यांत हाही एक. गप्प बसावं तर ताई भर कोर्टात तोंडघशी पडणार. बोलावं तर लेखाचा सगळा डोलारा त्याच वाक्यावर उभा.

ताई कप घेऊन आली, तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. स्वतःची लाज वाटून त्याला मान वर करवेना.

"ऐकीव साक्ष कोर्टात चालत नाही, हे मुलांना शिकवतोस ना?" ताई शांतपणे म्हणाली. "मग ही टीप दुसरं काय होती? टीप म्हणजे मी स्वतः तिथे जाऊन पाहून आलोय, असा वाचणाऱ्याला दिलेला शब्द. स्वल्पविराम चुकल्याने कुणाचं घर जात नाही रे."

त्याने लगेच संपादकांना कळवलं की मुख्य आधारच चुकीचा निघालाय, लेख आज देत नाही. नोकरीचं लांबणार होतं. ते बोचत होतंच, पण खिडकीशी येरझाऱ्या मात्र थांबल्या. मग दोघं भावंडं तो निकाल पहिल्या ओळीपासून वाचायला बसली. अगदी शेवटी, जिथवर कुणीच पोचलं नव्हतं, तिथे एक आदेश होता: हरलेल्या भाडेकरूलाही दुसरी जागा शोधायला वर्षभराची मुदत द्यावी. ताईने तो दोनदा वाचला. "निदान एवढं तरी म्हाताऱ्यासाठी मागता येईल," ती म्हणाली.

वाचकहो, तळटिपा आपण सगळे लिहीत नाही. पण 'अमक्याने सांगितलं' म्हणून न पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही मात्र रोज देतो. आपल्या शब्दावर विसंबून उद्या कुणीतरी पाऊल टाकणार असतं. म्हणून आधी स्वतः पाहावं, आणि मगच शब्द द्यावा.