ओळीत उभं राहिलेलं अस्पर्श जंगल

ताईचे पीएचडीचे सर म्हणजे भलतंच प्रकरण. माणसानं कुऱ्हाड हाती घेण्याआधी जगातल्या झाडाझुडपांत किती कार्बन साठलेला होता, हे ते सांगतात. कसं? तर आज शिल्लक असलेलं अस्पर्श, म्हणजे माणसाचा हात न लागलेलं जंगल मोजायचं आणि तोच हिशेब जुन्या काळच्या सगळ्या जंगलांना लावायचा. ऐकायला झकास! फक्त हे अस्पर्श जंगल सरांना सापडलं कुठे, तर संस्थेच्या गेस्ट हाऊसच्या मागे. चहा गार व्हायच्या आत परत येता आलं पाहिजे ना!

सुट्टीत मी ताईबरोबर तिथे टेप धरायला गेले. झाडं एका ओळीत. दोन झाडांमधलं अंतरही सगळीकडे तेच. सगळी एकाच वयाची, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी.

"ताई, ही लावलेली आहेत गं!"

"माहितेय मला. ओरडू नकोस."

"खतपाणी घालून पोसलेली झाडं! आकडा फुगणारच की."

"फुगलाय. पण सरांची सही झाली नाही, तर माझी पीएचडी बोंबलली. इतकी वर्षं घासलीय मी, शहाणे."

सरांच्या सादरीकरणाच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसले. पडद्यावर पृथ्वी हिरवीगार आणि सर तिच्याहून टवटवीत. "हा निसर्गाचा मूळ साठा," म्हणे. प्राध्यापक मंडळी माना डोलवत होती. ते जंगल एकानंही पाहिलेलं नव्हतं. माझा हात वर गेला. गेल्या वर्षी वर्गात हजेरी देतानाही मला घाम फुटायचा, पण ते गेल्या वर्षी!

"सर, निसर्गानं दोरी धरून झाडं लावली का?"

हशा पिकला. सर गोड हसले. "बाळ, निसर्गालाही शिस्त असते. तुझ्या ताईनंच मोजलंय सगळं. सांगा हो हिला."

ताई उठली. माझ्याकडे असं बघितलं, की घरी माझी काही धडगत नव्हती.

"सर, ती लागवड आहे," ती म्हणाली. "तो तुकडा वगळून दुसऱ्यांनी मोजलेल्या जंगलांवरून हिशेब केला तर आकडा जवळपास निम्म्यावर येतो. आणि तोही खात्रीचा नाही."

"म्हणजे तुमच्या हातात काहीच नाही!"

"जेवढं खरं आहे तेवढं आहे."

सरांनी सही केली नाही. प्राध्यापकांना अचानक भुका लागल्या आणि सगळे जेवायला पळाले. विद्वान मंडळी!

बरेच दिवस ताई माझ्यावर धुमसत होती. मग एका सकाळी तिनं माझे बूट माझ्यापुढे आपटले.

"ऊठ. दुसऱ्या मॅडम हाताखाली घेतायत मला, पण सगळं पहिल्यापासून. खरं जंगल लांब आहे, बसमधून उतरलं की पुढे चढण आहे. तोंड चालवलंस ना? आता पाय चालव."