लाल कोटातल्या बाईचा आवाज

सकाळी सकाळी नोएडाच्या स्टुडिओत बसून मी अमेरिकेची राष्ट्राध्यक्ष व्हायला निघाले होते. म्हणजे निघाली होती ती पडद्यावरची लाल कोटातली बाई. मी तिची हिंदी दुभाषी. खरी निवडणूक अजून लांब होती. एकाच पक्षातले इच्छुक उमेदवारीसाठी टीव्हीवर भांडत होते, एवढंच. आमच्या चॅनेलवर मात्र लग्नघराची धावपळ.

दुभाष्याने ‘त्या म्हणतात’ असं म्हणायचं नसतं. थेट ‘मैं’ म्हणायचं, तेही ठणकावून.

मयूर विहारला आई चहा घेऊन टीव्हीसमोर बसलेली असणार. राजकारणाशी तिला देणंघेणं नाही, लेकीचा आवाज ऐकायचा असतो. पण यंदा जयेशचाही प्रश्न होता. माझा धाकटा भाऊ तिकडे अमेरिकेतच नोकरीला, कित्येक वर्षांत घरी आलेला नाही. परत जाऊ देतील की नाही या धास्तीने तिकीट काढायचा आणि रद्द करायचा. या गणपतीला मीच मागे लागून त्याला तयार केलं होतं. आईने त्याच्या खोलीचे पडदेसुद्धा धुतले होते.

पहिल्याच फेरीत त्या बाईने घोषणा केली. क्षणभर वाटलं, शब्द जरा मऊ करावेत. कुणाला कळणार होतं? पण कामात लबाडी मला जमत नाही, आणि त्याचा मला थोडा माजही आहे.

"जो विदेशी कर्मचारी छुट्टी पर घर गए हैं, मैं उन्हें वापस नहीं आने दूँगी!"

ब्रेक लागताच आईचा फोन.

"रुचिता, जयेशला सांगितलं मी. येऊ नकोस म्हटलं."

"आई, अगं ती नुसती इच्छुक आहे! मतांसाठी बोलतात हे लोक. तिला उमेदवारीसुद्धा मिळणार नाही, बिल्कुल नाही."

"कळतं गं मला. रोज कुणीतरी ओरडतच असतं, मी लक्ष देत नाही. पण आज तुझ्या तोंडून ऐकलं आणि हातपायच गळाले."

"मी नाही म्हणाले, ती म्हणाली!"

"अच्छा. आवाज तर तुझाच होता ना. तो लगेच हो म्हणाला गं. वाटच बघत होता कुणी नको म्हणायची."

मला रडूच यायला लागलं. काचेपलीकडून आमचा निर्माता हरीश हातवारे करत होता.

"आई, त्याला परत फोन कर, मी—"

"तू बोल आता. मी ऐकतेय."

लाल दिवा लागला. बाई गोड हसून बोलू लागली. थांबायची सोय नव्हती.

"मेरे लिए," मी म्हणाले, "परिवार से बढ़कर कुछ नहीं."